फौजी पोरांच्या आईबापांचा गट बांधताना: कामाच्या नोंदी, मे ते डिसेंबर २०२५

सातारा जिल्हा, खटाव तालुका. गावाचं नाव लिहीत नाही, मुलाच्या युनिटचंही नाही, का ते पुढे नोंदीत येईलच. मी अंगणवाडी सेविका आहे, आमचे मालक एसटीत मेकॅनिक, थोरला मुलगा २०२३ ला अग्निवीर म्हणून भरती झाला. गावात आणि दोन वाड्यांत मिळून २३ घरांतली पोरं आज सैन्यात आहेत. जवानाबरोबर क्वार्टरला राहणाऱ्या बायकांसाठी आवा (आर्मीतल्या बायकांची कल्याण संघटना) आहे, रिटायर झालेल्यांच्या संघटना आहेत, पण पोरगं बॉर्डरवर आणि आपण गावात असे जे आईबाप आहेत ते एकमेकांच्या घराशेजारी राहूनसुद्धा एकएकटेच होते. दुसऱ्या कुठल्या गावात कुणी असं काही सुरू करत असेल तर आमच्या चुका त्यांना उपयोगी पडतील म्हणून हे लिहून ठेवतेय.

११ मे २०२५, रविवार

सुरुवात कशी झाली ते आधी. ६ तारखेच्या रात्री मुलाचा फोन आला, "आई दोन-चार दिवस फोन लागणार नाही, काळजी करू नको." सकाळी उठून बघते तर टीव्हीवर ऑपरेशन सिंदूर. मग ७, ८, ९, १० हे चार दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. टीव्ही बंद करवत नव्हता आणि बघवतही नव्हता. ८ च्या रात्री शेजारच्या वहिनी आल्या, मग खालच्या आळीच्या काकू आल्या, मग बिरोबाच्या वाडीवरनं एक जोडपं मोटारसायकलवर आलं, अकरा वाजता आमच्या पडवीत नऊ जण बसलेलो. कुणीतरी मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला, चौकी जळताना, खाली लिहिलेलं की मराठा पलटणीची चौकी. काकूंना घाम फुटला, त्यांना आडवं केलं, पाणी दिलं. नंतर कळलं तो व्हिडिओ जुना होता आणि आपल्या देशातला पण नव्हता.

काल संध्याकाळी पाचपासून गोळीबार थांबला असं सांगितलं. मुलाचा फोन अजून नाही. पण त्या चार रात्री पडवीत जे नऊ जण होतो ते आज परत आले, न बोलवता. तेव्हा ठरलं की हे असंच चालू ठेवायचं, फक्त लढाईपुरतं नाही.

१३ मे

फोन आला. चाळीस सेकंद. "जेवलो, बरा आहे, ठेवतो, मागं लाईन आहे."

२५ मे

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला १८ ला. पहिली चूक इथंच. सगळ्यांना ॲड केलं आणि सगळ्यांना मेसेज टाकायला मोकळीक ठेवली. सात दिवसांत साडेचारशेच्या वर मेसेज: सुप्रभात, तिरंगा, पुढाऱ्यांची भाषणं, "अमुक सेक्टरमध्ये आत्ता काय चाललंय बघा". कामाचे मोजून सहा. चार जण बाहेर पडले आणि त्यातल्या दोघांना परत आणायला मला घरी जाऊन बसावं लागलं.

आता मेसेज फक्त तीन जण टाकतात. मी, वाडीवरचे एक बापू आणि मेजर. मेजर खरं तर हवालदार म्हणून रिटायर झालेत पण गावात सगळे त्यांना मेजरच म्हणतात. बाकीच्यांनी काय असेल ते आम्हाला फोन करून सांगायचं. आणि सैन्याबद्दलची कुठलीही बातमी, खरी असो खोटी असो, ग्रुपवर टाकायचीच नाही. मेजर म्हणाले, पहलगामनंतर २६ एप्रिलला सरकारने टीव्हीवाल्यांना लष्कराच्या हालचाली लाईव्ह दाखवू नका म्हणून लेखी बजावलंय, मग आपण आईबापांनी ते मोबाईलवरनं का पसरवायचं. हे सगळ्यांना पटलं.

८ जून

घरोघर गेले. अंगणवाडीमुळं कुणाच्या उंबऱ्यावर कसं बसायचं ते माहीत आहे, त्याचा फायदा झाला. नवीन रजिस्टर घेतलं, १२० रुपये, रकाने आखले: मुलाचं नाव, आर्मी नंबर, युनिट, पत्ता, युनिटचा फोन, बँक, नॉमिनी कोण, लग्न झालंय का, घरात आजारी कोण.

जे दिसलं ते मनाला लागलं. २३ घरांपैकी १५ घरांत पोराचा आर्मी नंबर कुणालाच सांगता येईना. पत्ता म्हणजे "काश्मीरला आहे". एका घरात वडील म्हणाले, "नंबर त्याच्या ट्रंकेवर लिवलाय, ट्रंक त्याच्यापाशी हाय." नॉमिनी कोण आहे ते नऊ घरांना माहीत होतं. युनिटचा लँडलाईन नंबर फक्त दोन घरांत, त्यातला एक जुन्या पोस्टिंगचा.

१७ जून

ते रजिस्टर जाळलं.

मी मोठ्या हौसेनं मेजरना दाखवायला नेलं, त्यांनी दोन पानं उलटली आणि बंद करून माझ्याकडं बघत राहिले. म्हणाले, "ताई, हे चांगल्या मनानं केलंय तुम्ही. पण २३ पोरांची युनिटं, नंबर, बँका, सगळं एका वहीत. ही वही एसटीत विसरली तर?" मला दरदरून घाम फुटला. नऊ दिवसांचं काम होतं. त्यांच्याच परसात चुलीत पान-पान करून घातलं, फोटो काढलेले तेही मोबाईलमधून काढले.

आता पद्धत अशी की माहिती ज्याची त्याच्या घरात. गटाकडे फक्त घराचं नाव आणि दोन फोन नंबर, बास. प्रत्येक घरात एक प्लॅस्टिकचं बटणाचं फोल्डर, १८ रुपयाला एक, २३ चे ४१४ झाले. आम्ही त्याला पाकीट म्हणतो. त्यात काय ठेवायचं ते तोंडी सांगून, समोर बसून भरून घेतलं: आर्मी नंबर, रँक, नाव, पूर्ण पत्ता, युनिटचा चालू फोन, आईबापांच्या आधार आणि पासबुकाची झेरॉक्स, मुलाच्या दाखल्यावरचं नाव आणि आईबापांच्या आधारवरचं नाव एकच आहे का ते. हे शेवटचं फार महत्त्वाचं. सहा घरांत आईचं नाव दोन कागदांवर दोन प्रकारे होतं, एकीकडे शालन एकीकडे शालिनी असं. आधार दुरुस्तीला चार-पाच आठवडे गेले. हे काम पोरगं सुखरूप असताना, सावकाश करायचं असतं.

पाकीट कुठं ठेवायचं तेही ठरवलं, देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर, सगळ्या घरांत एकाच जागी. रात्री-अपरात्री दुसऱ्या घरच्या माणसाला काढायची वेळ आली तर शोधाशोध नको.

२९ जून

पैशाची चूक. महिना ५० रुपये वर्गणी ठरवली होती. १६ घरांनी दिली, सात राहिली, आणि लगेच "कुणी दिले नाहीत" याची चर्चा. एक आई बैठकीला यायचीच बंद झाली, ती दुसऱ्याच्या रानात भांगलायला जाते, तिला ५० रुपये म्हणजे काय ते आम्ही विचारात घ्यायला पाहिजे होतं. वर्गणी बंद. आता बैठकीत झाकणाला चीर पाडलेला डबा ठेवतो, कुणी काय टाकलं ते कुणाला कळत नाही. त्या आईकडे मी दोनदा जाऊन आले. आली परत.

१३ जुलै

पहिल्या रविवारची बैठक पुढं ढकलावी लागली कारण ६ जुलै म्हणजे आषाढी, आणि निम्मी घरं पंढरपुरात. तारीख धरताना पंचांग बघा. जागेचंही सांगते. पहिल्या दोन बैठका अंगणवाडीच्या खोलीत घेतल्या, वरून विचारणा झाली, सरकारी खोली दुसऱ्या कामाला वापरता येत नाही म्हणून. बरोबरच आहे त्यांचं. आता मारुतीच्या देवळाचा मंडप.

या महिन्यात एक गंभीर गोष्ट झाली. एका वडिलांनी मुलाचा वर्दीतला फोटो स्टेटसला लावला. मागं बंकर, डोंगराची कड, एका पाटीचा अर्धा भाग. अभिमानानं लावला, दुसरं काही नाही. तिथून तो गावातल्या तरुण मंडळाच्या ग्रुपवर, तिथून तालुक्यात, आणि मग मुलाला वरिष्ठांसमोर उभं राहावं लागलं. २०२० मध्येच आर्मीने जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसकट ८९ अ‍ॅप मोबाईलमधून काढायला लावली होती, पोरं तो नियम पाळतात आणि आपण घरचे इकडे फोटो लावतो.

वडील दोन दिवस जेवले नाहीत. बैठकीत ते स्वतःच उभे राहिले आणि सगळ्यांना सांगितलं, मला त्यांचं फार मोठेपण वाटलं. त्यानंतर ठरलं: फोटो लावायचा तर सुट्टीवरचा, घरातला, साध्या कपड्यातला. जागा, युनिट, येण्या-जाण्याची तारीख, कुठल्या रेल्वेनं येणार, यातलं काही लिहायचं नाही, या नोंदींतसुद्धा नाही.

२७ जुलै

दवाखान्याची फेरी, पूर्ण वाया. वाडीवरच्या एका वडिलांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, मुलगा सात वर्षं नोकरीत, रेग्युलर भरतीतला. कुणीतरी म्हटलं मिलिटरीवाल्यांना सगळं फुकट असतं, म्हणून जीप केली, २,२०० रुपये, चौघे जण त्यांना घेऊन ईसीएचएसच्या दवाखान्यात गेलो. तिथं पाच मिनिटांत समजलं की ईसीएचएस ही पेन्शनरांची योजना आहे, मुलगा अजून नोकरीत आहे, तेव्हा इथं नाही. डिपेंडंट कार्ड आहे का विचारलं. नव्हतं. संध्याकाळी परत.

नंतर मेजर आणि मुलगा दोघांकडून नीट समजून घेतलं ते असं. मुलगा नोकरीत असेल तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईबापांना मिलिटरी हॉस्पिटलमध्ये उपचार मिळतात, आम्हाला जवळचं म्हणजे पुणं. पण त्यासाठी आईबापांची नावं त्याच्या सर्व्हिस रेकॉर्डवर डिपेंडंट म्हणून चढलेली पाहिजेत, म्हणजे पार्ट टू ऑर्डर निघालेली पाहिजे, आणि दोघांचं मिळून महिन्याचं उत्पन्न ९,००० रुपये अधिक त्यावरचा महागाई भत्ता याच्या आत पाहिजे. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून. अर्ज मुलानेच युनिटमध्ये करायचा असतो, आपण इथून कितीही धावपळ करून उपयोग नाही. लग्न झालं की बायकोचं नाव पोरं लगेच चढवतात, आईबापांचं राहून जातं, मुद्दाम नाही, कुणी सांगत नाही म्हणून.

अग्निवीरांच्या आईबापांना हे कार्ड नाही. मुलाला स्वतःला त्याच्या चार वर्षांत मिलिटरी हॉस्पिटल आणि कँटीन आहे. हे मी बैठकीत सांगितलं तेव्हा माझ्यासकट आठ घरं गप्प झाली.

(वडिलांचं ऑपरेशन शेवटी कार्डाची वाट न बघता सरकारी शिबिरात करून घेतलं, एक डोळा. चांगला दिसतोय. कार्डाचा अर्ज चालू आहे.)

१० ऑगस्ट

राखी. नऊ बहिणींच्या राख्या एकदम पाठवू म्हणून तालुक्याच्या गावी खाजगी कुरियरवाल्याकडं दिल्या, प्रत्येकी ७० रुपये. आठ दिवसांनी सगळ्या परत. मार्फत ५६ एपीओ (एपीओ म्हणजे आर्मीचं पोस्ट ऑफिस) असा पत्ता म्हणजे गावच नाही, कुरियरवाला नेणार कुठं? आर्मीचा पत्ता फक्त पोस्टानेच पोचतो: नंबर, रँक, नाव, युनिट, मार्फत ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ, आणि ९ ने सुरू होणारा पिनकोड. पोस्टातून परत पाठवल्या, काल रक्षाबंधन झालं, अजून पोचल्या नाहीत. पैसे परत मिळाले नाहीत, ६३० गेले. पुढच्या वर्षी महिनाभर आधी, पोस्टातून.

२४ ऑगस्ट

ही नोंद मी दोन दिवस टाळत होते.

जुलैच्या बैठकीत आम्ही फसवणुकीच्या फोनबद्दल बजावलं होतं. पेपरात येतंच आहे, पोलीस बोलतोय, तुमच्या मुलाला धरलंय, पैसे टाका. म्हणून मी स्वतः सांगितलं, अनोळखी नंबर उचलायचा नाही. एवढंच. सोपं म्हणून एवढंच सांगितलं.

वरच्या आळीला एक आक्का आहेत. वाचता येत नाही. नातवाने मोबाईलमध्ये मुलाच्या नावाला त्याचा फोटो लावून दिलाय, फोटो आला की आक्का हिरवं दाबतात. या महिन्यात अकरा दिवस फोटो आला नव्हता. मंगळवारी सकाळी अंगणवाडीत आल्या, खिचडी शिजत होती, चुलीपाशी बसल्या आणि मोठ्या समाधानानं मला म्हणाल्या, "तुमी सांगितलं तसं केलं बघा बाई. रातीला तीनदा आला, फोटू नव्हता. तीनदा कापला."

त्यांचं तोंड बघून मला तेव्हाच कळलं होतं काय झालंय ते. पण बोलले नाही, बोलायचा धीर झाला नाही. गुरुवारी मुलाचा फोन आला, फोटोवाला. वरच्या पोस्टवर त्याच्या सिमला रेंज नव्हती, दुसऱ्याचा फोन मागून घेऊन तो तीनदा लावत होता, मग त्या पोराला ड्युटीला जायचं होतं. आक्कांनी मला काही दोष दिला नाही. पदरानं फोनची काच पुसत बसल्या होत्या.

त्याच दिवशी नियम बदलला. फोन उचलायचा, कुठलाही असला तरी उचलायचा. पण पैसे, ओटीपी, बँक यातलं काही निघालं किंवा मुलाबद्दल वाईट काही सांगितलं की एक प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर फक्त घरातल्यांना ठाऊक. मुलगा सुट्टीवर आला की किंवा फोनवर त्याच्याशी ठरवून घ्यायचं. बहुतेक घरांनी बैलाचं नाव धरलंय, लहानपणी दावणीला असलेल्या. कुणाचं काय ते आम्हालाही सांगायचं नाही. आणि मुलांनाही निरोप दिला की दुसऱ्याच्या फोनवरून करणार असाल तर आधी सांगून ठेवा.

गटानं एखादी सूचना देताना ती सगळ्यात भोळ्या माणसाच्या घरात काय करेल ते आधी बघावं. मी ते बघितलं नव्हतं.

१४ सप्टेंबर

सुनांना आम्ही बाहेर ठेवलं होतं. आईबापांचा गट म्हणून सुरू झाला, मग सुना कशाला, असं कुणी म्हटलं नाही पण झालं तसंच.

एका मुलाचा पाय मोडला, व्यायाम करताना, लढाईत नाही. युनिटने कळवलं बायकोला, कारण लग्नानंतर एनओके (नेक्स्ट ऑफ किन, जवळचा नातेवाईक) म्हणून तिचं नाव चढलेलं. ती बाळंतपणाला माहेरी, कराडकडे. घाबरून तिने आधी भावाला सांगितलं, भावाने रात्र जाऊ दिली, सासूला कळलं दुसऱ्या दिवशी दुपारी, तेही गावातल्या तिसऱ्याच माणसाकडून. "माझ्या पोटच्या पोराचं मला गावाकडनं कळावं?" या वाक्यावरून दोन्ही घरांचं बोलणं बंद.

बैठकीत हा विषय निघाला आणि चांगलाच पेटला. गेल्या वर्षी जुलैत कीर्ती चक्र मिळालेल्या एका कॅप्टनच्या आईवडिलांनी एनओकेचा नियम बदला म्हणून मागणी केली होती, ते सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलेलं, त्यावरून लगेच सुना विरुद्ध सासवा. मी मध्येच थांबवलं आणि पुढच्या आठवड्याला सुनांना पण बोलवलं. सात आल्या, दोन कडेवर बाळ घेऊन.

मेजरनी एवढंच समजावलं की एनओके म्हणजे काही झालं तर आधी कुणाला कळवायचं तो माणूस. पैसा कुणाचा हे त्यावरून ठरत नाही. विम्याचं नॉमिनेशन वेगळं असतं, त्यात मुलगा आईचा, बायकोचा हिस्सा टाकू शकतो. फॅमिली पेन्शन रेग्युलर जवानाच्या बाबतीत नियमाने आधी पत्नीला. तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण तिन्हीला एकच समजून भांडत होतो. मग त्याच सुनेने सांगितलं, बिचारी रडत होती, "मला कुणाला आधी सांगायचं तेच कळलं नाही, आईंना बीपी आहे म्हणून भीती वाटली." सासूबाई उठल्या आणि तिच्या मांडीवरचं बाळ घेतलं. एवढंच झालं, पण बोलणं चालू झालं.

आता प्रत्येक पाकिटात एक कागद जास्तीचा आहे: युनिटचा फोन ज्याला येईल त्याने पुढे कुणाला करायचा, बीपीवाल्या माणसाला फोनवर सांगायचं नाही, शेजारचं कोण समोर जाऊन बसणार. त्या कागदावर मुलाची, सुनेची, आईबापांची सगळ्यांची सही. आणि ग्रुपचं नाव बदललं, "आईबाप" काढून "घरची माणसं" केलं.

५ ऑक्टोबर

बांध. मुलगा तिकडं आणि इकडं शेजाऱ्याने दरवर्षी वीतभर बांध कोरत आणलेला, म्हाताऱ्या बापाने काही बोललं तर शिव्या. मुलाला फोनवर सांगतात आणि तो बॉर्डरवर रात्रभर जागा. आमच्या गटात अशी तीन घरं निघाली.

काय उपयोगी पडलं ते लिहिते. एक, मुलाने युनिटमध्ये अर्ज दिला की त्याचे सीओ साहेब (युनिटचे मुख्य अधिकारी) कलेक्टर आणि एसपींना पत्र पाठवतात, त्या पत्राची दखल घेतली जाते. एका घराचं काम त्या पत्रानेच हललं, तलाठी आणि मंडल अधिकारी जागेवर आले. दोन, सरकारी मोजणीचा अर्ज आधी टाका, मोजणी नसेल तर पत्राला आधारच राहत नाही. आम्ही पत्र आधी आणि मोजणी मागून असं उलटं केलं, एका घराचा दीड महिना गेला. तीन, कोर्टात केस असेल तर १९२५ चा एक कायदा आहे सैनिकांच्या दाव्यांसाठी, पोस्टिंगमुळं मुलगा येऊ शकत नसेल तर सीओंच्या सर्टिफिकेटवर तारीख पुढं ढकलता येते. आमच्या एका घराविरुद्ध तो गैरहजर म्हणून निकाल जायच्या बेतात होता. चार, कारगिल विजय दिनाला यंदा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने वीर परिवार सहायता योजना सुरू केली, जवानांच्या घरच्यांना मोफत वकिली मदत. तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत जाऊन विचारलं, वकील मिळाले.

तेच दुसऱ्या दिवशी पोरांना सांगायचं: काम चालू आहे, आम्ही चौघे बापूंबरोबर गेलो होतो. नुसतं भांडण सांगून फोन ठेवायचा नाही.

२६ ऑक्टोबर

फराळ सगळ्यांनी मिळून केला, देवळाच्या मंडपात, दोन दिवस. राखीवरून शहाणे झालो म्हणून पोस्टातूनच, स्पीड पोस्टने (रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात गेलंय), २ ऑक्टोबरच्या सुट्टीनंतर लगेच टाकलं. १४ खोकी, पैसे ज्याचे त्याने. सतरा दिवसांपर्यंत लागले. बेसनाचे लाडू, शंकरपाळ्या नीट पोचल्या. करंज्या फुटल्या. चकल्या खोक्याच्या खाली ठेवलेल्या, त्यांचं पीठ. माझा म्हणाला, "चकलीचा भुगा आम्ही वरणावर टाकून खाल्ला, सगळ्यांना आवडला." चिवड्याला दोन खोक्यांत खवट वास आला, तेल गार व्हायच्या आत पिशव्या बांधल्या होत्या.

१६ नोव्हेंबर

खालच्या आळीच्या घरी फोन आला, तुमच्या मुलाने गाडीखाली माणूस घातलाय, मिलिटरी पोलिसांच्या ताब्यात आहे, ४० हजार टाका. वडिलांनी बैलाचं नाव विचारलं. समोरच्याने शिवी देऊन ठेवला. नंतर वडिलांचे पाय थरथरत होते, मुलाशी बोलणं होईपर्यंत मेजर त्यांच्याजवळ बसून राहिले, तीन तास.

अग्निवीरांच्या आठ घरांची वेगळी बैठक घेतली, घ्यायलाच पाहिजे होती. योजना आली जून २०२२ ला, पहिली बॅच जानेवारी २०२३ ला ट्रेनिंगला गेली, म्हणजे त्यांची चार वर्षं पुढच्या वर्षाच्या शेवटाला भरतात. चौघांतला एक कायम होणार, २५ टक्के. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. सेवा निधी म्हणून मुलाच्या पगारातून ३० टक्के कापलेले आणि तेवढेच सरकारचे, व्याज धरून साधारण ११.७१ लाख. चार वर्षांत काही बरं-वाईट झालं तर ४८ लाखांचा विमा, त्याचा हप्ता मुलाच्या पगारातून जात नाही. हे आठपैकी पाच घरांना नीट माहीत नव्हतं. आणि दोन घरांत आत्ताच एक गृहस्थ येऊन गेलेत, सेवा निधी आमच्या स्कीममध्ये टाका, दुप्पट करून देतो. अजून पैसा हातात यायचाय.

या बैठकीत मी नीट बोलू शकले नाही, माझाही त्यातच आहे. एक आई म्हणाली, "चार वर्सानं परत आला तर मला आनंद व्हईल का वाईट वाटंल तेच कळंना." सगळ्याच गप्प बसलो. ठरलं एवढंच की मुलांनी सुट्टीत आल्यावर कागद पूर्ण करून जायचे, तिथं शिकत असलेल्या कामाचं सर्टिफिकेट मिळत असेल ते मागून घ्यायचं, आणि कुणीही कुठल्या स्कीमवर सही करायच्या आधी गटात दाखवायचं.

७ डिसेंबर, रविवार

ध्वजदिन. १९४९ पासून ७ डिसेंबरला असतो. काल-परवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन आलो होतो, मेजर, मी आणि पाय मोडलेल्या मुलाची बायको. आजपर्यंत आम्हाला वाटायचं ते ऑफिस फक्त माजी सैनिकांचं. नोकरीतल्या मुलांच्या घरच्यांनाही तिथं अडचण नेता येते, हे मेमध्येच विचारलं असतं तर बांधाच्या कामाचे निदान दोन महिने वाचले असते. नवीन गट करणाऱ्यांनी पहिल्या आठवड्यात तिथं जाऊन यावं.

हिशोब मंडपात वाचून दाखवला. रजिस्टर १२०, फोल्डर ४१४, झेरॉक्स ५८६, चहा-साखर १,१५०, जीप २,२००, कुरियर ६३०, एकूण ५,१००. त्यातले २,९५० माहिती न काढता निघाल्यामुळं गेले. मोतीबिंदूवाल्या वडिलांचं डिपेंडंट कार्ड मंजूर झालंय, दुसरा डोळा पुण्याला.

राहिलेलं काम: नवीन भरती झालेली दोन पोरं, त्यांच्या घरी पाकीट द्यायचंय. तीन घरांत युनिट बदललंय, पत्ता आणि फोन बदलून घ्यायचा. आक्कांना आकडे ओळखायला शिकवतेय, शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास, सहापर्यंत आलोय. त्यांना मुलाचा नंबर स्वतः लावायचाय.

पुढची बैठक ४ जानेवारी, रविवार, सकाळी दहा, मारुतीचं देऊळ. येताना पाकीट घेऊन या.